मलिदा : लाच की साक्ष?

वृत्तपत्रांच्या कृपेने 'मलिदा' ह्या मराठी शब्दाला आज बरे दिवस राहिलेले नाहीत. कंत्राटात कोणी मलिदा लाटला आणि कोणाच्या पदरात किती पडला, अशा वार्तांतूनच हा शब्द सुशिक्षित कुटुंबांच्या कानी येतो. परंतु ठाणे शहरी टेंभी नाक्याच्या परिसरात 'शआर हाशामायिम', म्हणजे 'स्वर्गाचे द्वार', ह्या नावाचे यहुदी प्रार्थनामंदिर १८७९ सालापासून उभे आहे. त्याच्या आश्रयाने राहणाऱ्या बेने इस्रायल कुटुंबांत ह्याच शब्दाचा अर्थ नेमका उलटा आहे. दुखणेकरी उठून बसला, दूरचा प्रवास सुखरूप पार पडला, नवे घर झाले, लग्नाची तिथी जवळ आली, की ह्या घरांत मलिदा होतो. भिजवलेल्या पोह्यांत ओले खोबरे, साखर, वेलदोडे व सुकामेवा मिसळतात, भोवती फळे मांडतात, एखादे सुवासिक फूल ठेवतात. संदेष्टा एलियाहू ह्याचे गीत होते. झाडाच्या फळावर, भूमीच्या पिकावर आणि सुवासावर निरनिराळे हिब्रू आशीर्वाद म्हटले जातात, आणि मग ते ताट जमलेल्या सर्वांस वाटले जाते. ह्या मंडळींची घरची भाषा मराठी आणि आडनावे पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी कोकणातील गावांची. तेव्हा हा मराठीतच घडणारा विधी आहे, आणि त्याविषयी मराठी वाचकाने काही ठाम मत बनविण्यापूर्वी तो समजून घ्यावा, ही आमची अपेक्षा अवाजवी नाही.

दुर्दैवाने मते आधीच बनलेली आहेत. ठाणे, कल्याण, डोंबिवली ह्या पट्ट्यातील आपला सुशिक्षित वर्ग व्याख्याने ऐकणारा, ग्रंथालयांतून पुस्तके नेणारा आणि वाद घालणारा आहे. त्याच्या बोलण्यात ह्या विधीसंबंधी तीन मते वारंवार आढळतात. पहिले बुद्धिवाद्याचे : नवस बोलणे आणि काम झाल्यावर गोडधोड करणे ही देवाशी केलेली देवघेव होय, तेव्हा मलिद्याचा वृत्तपत्री अर्थच खरा. दुसरे शुद्धिवाद्याचे : हिब्रू शास्त्रात असा विधी नाही, शेजारच्या हिंदूंच्या प्रसादावरून व मुसलमानांच्या नियाजेवरून तो उचललेला आहे. तिसरे मत स्तुतिपाठकाचे, आणि ते गोड असल्यामुळे अधिक घातक : जगात सर्वत्र छळलेल्या ह्या जातीला आपण आसरा दिला, तेव्हा त्यांनी आपले उपकार मानावेत हे योग्यच आहे.

ही तिन्ही मते परस्परांहून भिन्न दिसतात, तथापि आमच्या मते त्यांचे मूळ एकच आहे. कृतज्ञता म्हणजे कर्जाची फेड, ही समजूत तिघांनीही गृहीत धरली आहे. पहिला म्हणतो, फेड आगाऊ ठरलेली आहे. दुसरा म्हणतो, फेडीचे नाणे परक्या टांकसाळीतले आहे. तिसरा म्हणतो, फेड आमच्या नावावर जमा व्हावी. ह्या समजुतीला आपली भाषाही हातभार लावते. आपण 'उतराई' होतो, 'पांग फेडतो', 'ऋणातून मुक्त' होतो, नवससुद्धा 'फेडतो'. 'आभार' उच्चारतानाच कानाला भार जाणवतो. मनुष्य देव, ऋषी व पितर ह्यांचे ऋण घेऊनच जन्मास येतो, हा विचार आपल्याकडे वेदकाळापासून आहे. त्याची थोरवी आम्ही नाकारीत नाही. परंतु एका परंपरेचा गज घेऊन दुसरीचे कापड मोजणे हे विद्वत्तेचे लक्षण नव्हे.

हिब्रू शास्त्रात आभारासाठी जो शब्द येतो तो 'तोदा'. ज्या धातूपासून तो निघाला त्याचा अर्थ कबूल करणे, उघडपणे मान्य करणे असा आहे. अपराधाची कबुली आणि उपकाराची कबुली ही दोन्ही त्या एकाच धातूने सांगितली जातात. उत्पत्तीच्या ग्रंथात लेआ आपल्या चौथ्या मुलाचे नाव ह्याच धातूशी जोडून 'यहुदा' असे ठेवते, आणि त्या नावावरूनच पुढे 'यहुदी' हा शब्द आला. म्हणजे ज्या समाजाविषयी आपण बोलत आहो त्याच्या नावातच आभाराची कबुली आहे. कबुली आणि फेड ह्यांतील अंतर कोणताही वकील सांगू शकेल. फेडीने व्यवहार संपतो. कबुलीने तो संपत नाही. जे घडले ते चारचौघांत सत्य म्हणून उभे राहते, एवढेच. आपल्या 'कृतज्ञ' शब्दाचा अवयवार्थ पाहिला तर तोही 'केलेले जाणणारा' असाच आहे. त्यात फेडण्याचे नावही नाही.

आता ज्याबद्दल आभार मानावयाचे त्या गुणाकडे वळू. स्तोत्रसंहितेतील १३६ वे स्तोत्र २६ ओव्यांचे आहे आणि प्रत्येक ओवीच्या शेवटी एकच पालुपद येते. देवाचा 'हेसेद' सर्वकाळ टिकणारा आहे, हा त्या पालुपदाचा आशय. मराठी वाचकाच्या कानी ह्या ठिकाणी 'दया' हा शब्द बसला आहे. ग्रीक भाषांतरकारांनी 'एलेओस' म्हटले, लॅटिनात 'मिझेरिकॉर्दिया' झाले, १६११ च्या इंग्रजी भाषांतरात 'मर्सी' आले, आणि त्याच वळणाने आपल्याकडे 'दया' रूढ झाली. मायल्स कव्हरडेल ह्याला १५३५ सालीच हा शब्द अपुरा वाटला असावा, म्हणून त्याने इंग्रजीत 'लव्हिंगकाइंडनेस' हा जोडशब्द रूढ केला. वस्तुतः हिब्रूत दयेसाठी 'रहमीम' हा स्वतंत्र शब्द आहे, आणि गर्भाशयवाचक 'रेहेम' शब्दाशी त्याचे नाते आहे. आईला लेकराचा जो कळवळा येतो तो रहमीम. हेसेद त्याहून वेगळा.

तो कसा वेगळा, हे शास्त्रातील कथाच सांगतात. रूथ ही मवाबी, म्हणजे परकी, विधवा आणि निर्धन स्त्री. सासूला एकटी न सोडता ती तिच्याबरोबर बेथलेहेमास येते, आणि तिच्या ह्या वागण्याला ग्रंथकार 'हेसेद' म्हणतो. यरीहोची राहाब हेरांना आसरा देते आणि मग म्हणते की, मी तुमच्याशी हेसेदाने वागले, आता तुम्ही माझ्या पित्याच्या घराण्याशी तसेच वागा. ह्या दोन स्त्रिया कोणावर 'दया' करीत होत्या? दया उंचावरून खाली येते. ती करणारा सुरक्षित असतो आणि घेणारा ओशाळा होतो. हेसेद मात्र रिकाम्या हाताच्या परक्या बाईलाही करता येतो. नेल्सन ग्लूक ह्या पंडिताने १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात, करार किंवा नाते ह्यांनी बांधलेल्या पक्षांमधील परस्परनिष्ठा असा ह्या शब्दाचा अर्थ मांडला. कॅथरिन साकेनफेल्ड ह्यांनी १९७८ साली त्याला मुरड घातली : नाते असले तरी सक्ती नसते, समर्थाने आपखुषीने केलेली ती गरजेची मदत असते. दोघांचे मिळून जे चित्र उभे राहते त्यासाठी मराठीत शब्द शोधत दूर जावयास नको. आपण 'शब्दाला जागणे' म्हणतो, 'मिठाला जागणे' म्हणतो. आणि वारकरी संतांनी तर विठ्ठलाला त्याच्या 'ब्रीदा'ची आठवण हक्काने करून दिली आहे. हेसेद म्हणजे ब्रीदाला जागणे. मिठाचे साम्यही केवळ योगायोगाचे नाही, कारण हिब्रू शास्त्रही अढळ कराराला 'मिठाचा करार' म्हणते. अलीकडे काही भाषांतरकारांनी कराराचा हा धागा मराठीत आणण्याचा यत्न केला आहे, आणि तो आम्हाला स्तुत्य वाटतो. 'दया' ह्या शब्दाने वाचकाला याचकाच्या जागी बसविले. 'जागणे' म्हटले की तो साक्षीदाराच्या जागी उभा राहतो.

ह्यावर एक प्रामाणिक शंका उपस्थित होते आणि ती टाळणे आम्हास बरे दिसणार नाही. त्याच स्तोत्रात मिसर देशाच्या प्रथमजातांचा वध आहे आणि सीहोन व ओग ह्या राजांचा नाशही आहे. प्रत्येकापाठोपाठ तेच पालुपद येते. हा कसला चांगुलपणा? 'दया' हे भाषांतर पत्करले तर ह्या प्रश्नाला उत्तर नाही, कारण वधाला दया म्हणणे हा भाषेचा विपर्यास होय. गुलामगिरीतून सोडविण्याचे वचन पाळले गेले, त्याची ती कबुली आहे असे म्हटले तर निदान अर्थ लागतो. मात्र अर्थ लागला म्हणून टोचणी संपत नाही, आणि स्वतः यहुदी परंपरेलाही ती टोचली आहे. मिसरी सैन्य समुद्रात बुडत असता देवदूत गाऊ लागले तेव्हा देवाने त्यांना थांबविले, असे तालमुदात सांगितले आहे. शिवाय ह्या स्तोत्राचा शेवट राजांच्या वधावर होत नाही. सकल प्राणिमात्राला अन्न देणाऱ्याची कबुली अखेरच्या आधीच्या ओवीत येते, आणि ह्या स्तोत्राला 'महास्तुती' का म्हणतात ह्याचे कारण देताना तालमुदाचे आचार्य नेमका हाच अन्नाचा मुद्दा पुढे करतात. सूर्यचंद्रापासून निघालेली कबुली भाकरीपाशी येऊन पोहोचते.

भाकरीचा हा धागा धरला म्हणजे पहिल्या आक्षेपाचे उत्तर सोपे होते. लेवीयांच्या ग्रंथाच्या सातव्या अध्यायात तोदा नावाच्या यज्ञाचे विधान आहे. त्यात पशूबरोबर चार प्रकारच्या भाकरी आणाव्या लागत. मिश्नेच्या गणनेप्रमाणे प्रत्येक प्रकाराच्या दहा, एकूण चाळीस. चार याजकाला गेल्या की उरतात छत्तीस, आणि वर पशूचे मांस! हे सर्व त्याच दिवशी, त्याच रात्री संपले पाहिजे. त्याच अध्यायात नवसाच्या यज्ञाचे मांस दुसऱ्या दिवशीही खाण्याची मुभा आहे. तोद्याला ती नाही. ह्यावरून दोन गोष्टी उघड होतात. शास्त्राने नवस आणि आभार ह्यांची गल्लत केलेली नाही. आणि छत्तीस भाकरी एका रात्रीत संपवायच्या तर माणसे बोलवावी लागतात, बोलावली की कशासाठी बोलावले ते सांगावे लागते. भाष्यकारांनीही ह्या नियमाचा हेतू असाच लावला आहे. लाच देणारा माणसे गोळा करून, दारे उघडी ठेवून लाच देतो काय? पन्नासाव्या स्तोत्राने तर, देवाला भूक लागत नाही आणि तो कोणाच्या गोठ्यातील बैलावर अवलंबून नाही, असे स्पष्ट बजावूनच तोद्याची मागणी केली आहे.

इसवी सन ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर पडले आणि यज्ञ थांबले. परंतु साक्ष थांबली नाही. समुद्रपर्यटन करून आलेला, अरण्य ओलांडून आलेला, दुखण्यातून उठलेला आणि बंदिवासातून सुटलेला अशा चौघांनी आभार मानलेच पाहिजेत, आणि तेही दहा जणांसमक्ष, असे तालमुदाने ठरविले. मलिद्याचे प्रसंग ह्या यादीशेजारी ठेवून पाहावेत, म्हणजे ह्या विधीचे नाते कोठे पोहोचते ते सांगावे लागणार नाही.

ह्या यादीतील चौथ्या माणसाचे उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. सामाजी हसाजी दिवेकर, हिब्रू नाव शमुवेल, हा कंपनीच्या लष्करातील बेने इस्रायल अंमलदार म्हैसूरच्या युद्धात टिपूच्या कैदेत सापडला. सुटून आल्यावर त्याने १७९६ साली मांडवी भागात मुंबईतील पहिले यहुदी प्रार्थनामंदिर बांधले. सुटलो तर मंदिर बांधीन असा त्याचा संकल्प होता, अशी समाजाची परंपरा सांगते. त्या मंदिराचे नाव 'शआर हारहमीम', दयेचे द्वार. बेने इस्रायल लोक प्रार्थनामंदिराला 'मशीद' म्हणत, आणि मशीद बंदर स्थानकाच्या नावाचा उगम पुष्कळ जण ह्याच इमारतीशी जोडतात. बुद्धिवादी म्हणेल, पाहा, हा सौदाच झाला! आमचे उत्तर असे की, सौद्याने आरंभ होणे शास्त्राला अपरिचित नाही. ठाण्याच्या मंदिराचे 'स्वर्गाचे द्वार' हे नाव याकोबाच्या ज्या स्वप्नकथेतून आले, तेथेच याकोब उठून देवाशी चक्क अटी ठरवितो : अन्न दे, वस्त्र दे, घरी सुखरूप ने, मग तू माझा देव. परंतु कथा तेथे संपत नाही. वीस वर्षांनी, हाती केवळ काठी घेऊन गेलेला तो माणूस दोन तांडे घेऊन परततो, आणि तेव्हा त्याच्या तोंडी अट राहत नाही. तुझ्या सर्व हेसेदांपुढे मी लहान आहे, असा त्याच्या उद्गाराचा आशय आहे. गरजेच्या वेळी माणूस घासाघीस करतो; कृतज्ञ होतो तो मागाहून, मोजमाप सुटल्यावर. सामाजीने स्वतःपुरती सुटका मागितली असेल. त्याने बांधलेले द्वार मात्र पुढल्या पिढ्यांसाठी उघडे राहिले.

दुसरा आक्षेपक शुद्धिवादी. 'मलिदा' हा शब्द फारसीतून आलेला आहे, तो पदार्थ दर्ग्यातही वाटला जातो, पोहे-खोबरे तर शुद्ध कोकणी, हे सर्व आम्हाला मान्य आहे. पण त्यावरून सिद्ध काय होते? भांडे शेजाऱ्याचे असले म्हणून त्यातील पाणी शेजाऱ्याचे ठरत नाही. ह्या समाजाने आपली साक्ष मराठीत देण्यासाठी किती कष्ट घेतले, ते पाहावे. १८३२ साली जॉन विल्सन ह्यांनी बेने इस्रायलांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता. ह्या मंडळींनी व्याकरण घेतले आणि धर्म आपलाच ठेवला. १८४६ साली वल्हांडणाच्या रात्री वाचावयाचा 'हग्गादा' मुंबईत मराठी भाषांतरासह निघाला, आणि त्या पाठातच १३६ वे स्तोत्र येते. जोसेफ यहेज्केल राजपूरकर ह्यांनी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. १८८० च्या सुमारास तर हिब्रू शास्त्रातील चरित्रांवर मराठी कीर्तने सुरू झाली! अलिबागजवळ खंडाळे गावी एलियाहूच्या आगमनाची खूण आहे अशी ह्यांची श्रद्धा. एलियाहूला कोकणातल्या कातळावर उतरविणारी ही श्रद्धा उसनी नव्हे, ती घरची आहे. 'हे अस्सल नव्हे' हा शेरा निरुपद्रवी असतो असेही कोणी समजू नये. इस्रायलमध्ये गेलेल्या ह्याच लोकांच्या यहुदीपणाविषयी तेथील धर्माधिकाऱ्यांनी विवाहाच्या बाबतीत शंका काढल्या, त्यांना चळवळ करावी लागली, आणि १९६४ साली तेथील संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले तेव्हा हा प्रश्न निवळला. अस्सलपणाचे दाखले दुसऱ्याकडून मागणाऱ्याने ही किंमत ध्यानी ठेवावी.

आता तिसरे मत. भारतात यहुद्यांचा छळ झाला नाही हे त्या समाजातील लोक स्वतः वारंवार व आपण होऊन सांगतात. ती त्यांची तोदा आहे, आणि ती त्यांनीच द्यावयाची आहे. परंतु आम्ही आसरा दिला असे जेव्हा आपणच व्यासपीठावरून म्हणू लागतो, तेव्हा साक्षीची पावती होते आणि पावतीपाठोपाठ वसुली येते. कोकणात तेल गाळणाऱ्या व शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या ह्या लोकांना गावाने 'शनवार तेली' म्हटले आणि त्यांचा शनिवार त्यांना पाळू दिला. ही गोष्ट चांगलीच आहे; परंतु त्यात औदार्य कसले? शेजारी शेजारधर्माला जागला, एवढेच. आणि जागणे दोन्ही बाजूंनी होते. लष्करात, लोहमार्गावर, टपालात, इस्पितळांत ह्या समाजाच्या पिढ्यांनी ह्या प्रांताची सेवा केली. डॉ. जेरुशा झिराड ह्यांच्यासारख्या स्त्रीवैद्याने मुंबईत किती मातांची सुटका केली! ह्याचा उच्चार आपल्या व्यासपीठांवरून किती वेळा होतो? दुसऱ्याकडून आभाराची अपेक्षा करणारा आणि स्वतः कबुली न देणारा समाज कोणत्या शब्दाने ओळखला जातो, ते आपल्या भाषेला ठाऊक आहे.

एक गोष्ट आक्षेपकांच्या बाजूने कबूल केलीच पाहिजे. आभाराचाही देखावा होऊ शकतो. वाजतगाजत तोदा करणाऱ्यांवर आमोस संदेष्ट्याने कडक उपरोधाचे कोरडे ओढले आहेत, आणि देवाला बलीपेक्षा हेसेद हवा असे होशेयाने सांगितले आहे. मलिद्याचे ताट सजविणाऱ्या यजमानाला हे लागू आहे, तसे सत्यनारायणाचे मंडप घालणाऱ्या आपल्यालाही आहे. परंतु संदेष्ट्यांनी देखावा झोडपला, साक्ष नव्हे.

हा वाद शब्दांचा नाही, हे शेवटी सांगणे अवश्य आहे. १९५१ च्या जनगणनेत भारतात २६,००० हून अधिक यहुदी होते. २०११ च्या जनगणनेत ते ५,००० देखील उरले नव्हते. कोकणातील अनेक गावांत प्रार्थनेला लागणारे दहा जण जमविणे अवघड झाले आहे, आणि दहा जमले नाहीत तर दुखण्यातून उठलेल्या माणसाची साक्ष ऐकणार कोण? ठाण्यात ती अजून ऐकली जाते. अशा वेळी तिला आपण लाच म्हणालो तर तरुण लाजतील; उसनी म्हणालो तर ते ती टाकतील; आणि आपल्या औदार्याचे प्रमाणपत्र म्हणून भिंतीवर टांगली तर तिच्यातले सत्यच नाहीसे होईल. ह्यांपैकी काहीही करण्याचा अधिकार शेजाऱ्याला नाही. त्याला अधिकार आहे तो एकच : बोलावणे आले तर जावे, काय घडले ते ऐकावे, आणि ताटातला आपला वाटा घ्यावा. छत्तीस भाकरींचा नियम घालणाऱ्याने पाहुण्याकडून ह्याहून अधिक काही मागितले नव्हते, आणि ह्याहून कमीही नाही.